टॉर्च मारला, बाहुली हलली नाही

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



आज डोळ्यावर बोलायचंय. चष्मा, नंबर, स्क्रीन टाइम वगैरे नाही. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका असतो ना, बाहुली, फक्त तिच्यावर. सिनेमात तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. डॉक्टर येतो, पेशंटची पापणी वर करतो, टॉर्च मारतो, मान हलवतो आणि चष्मा काढत म्हणतो, 'आय ॲम सॉरी.' मागे व्हायोलिन. मला या सीनचा राग आहे, कारण एकदा मीही तो सीन केलाय. आणि चुकीचा केलाय.

एमबीबीएस झाल्यावर बाँडची नोकरी असते, खेड्यात जाऊन करायची. माझी आली अकोले तालुक्यात. आपला जिल्हा कागदावर आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच निघतं तोंडातून, तर या नगर जिल्ह्याचं वायव्य टोक म्हणजे अकोले. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा. तुम्ही रील काढायला जाता तो भाग. खालच्या तालुक्यांत लोक पावसाची वाट बघतात, इथं जुलैत पाऊस कधी थांबतोय याची बघतात. भाताची आवणी उरकत आलेली, दिवसभर चिखलात उभं राहून माणसं थकलेली. रात्री घरात जमिनीवरच गोधडी टाकून झोपायचं.

पहाटे पाचच्या सुमाराला एक जीप आली. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, धडधाकट. तक्रार काय, तर रात्रीपासून पोटात दुखतंय. घरच्यांनी ओवा दिला होता. घसा आवळल्यासारखा होतोय म्हणाला. बोलणं थोडं जड. पापण्या खाली आलेल्या. मी मनात म्हटलं, रात्रभर झोपला नसेल.

तिथं एक सिस्टर होत्या, माझ्या दुप्पट वयाच्या. त्यांनी माझ्याआधी विचारलं, "खाली झोपला व्हता का रं?" हो. "वर बघ बरं." त्याला डोळे उघडून वर बघता येईना. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, मण्यार."

अंगावर दंशाची खूण शोधून सापडली नाही. मण्यारीचं असंच असतं. दात बारीक, आग नाही, सूज नाही. रात्री फिरते, झोपेत चावते, माणूस कूस बदलून परत झोपतो. आणि पहाटे पोट दुखायला लागतं. आम्ही सर्पदंशाची लस सुरू केली, दहा कुप्या. तरी सातच्या सुमाराला त्याचा श्वास उथळ होत होत थांबला. नळी घातली, अंबू बॅग लावली. अंबू बॅग म्हणजे हातानं दाबायची रबरी पिशवी, ती दाबली की फुप्फुसात हवा जाते. व्हेंटिलेटर नव्हता. 108 ला फोन केला होता, गाडी येईपर्यंत पिशवी दाबत राहायचं.

तेवढ्यात मी टॉर्च मारला. दोन्ही बाहुल्या मोठ्या, अगदी बुबुळाच्या कडेपर्यंत पसरलेल्या. उजेड टाकला, काही नाही. दुसऱ्या डोळ्यात टाकला, काही नाही. हात उचलून सोडला तर धपकन पडत होता. पुस्तकात वाचलेलं सगळं डोक्यात एका रांगेत येऊन उभं राहिलं. मी कॉटच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांना म्हणाले, "बाबा, मेंदूपर्यंत गेलंय. आता फार आशा ठेवू नका."

ते खालीच बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग कशाला हाल करायचे, घरी नेऊ." पिशवी दाबणारा त्याचा चुलतभाऊ होता. त्याचा हात थांबला.

आणि सिस्टर ओरडल्या, "ए, थांबायचं नाय! दाब!"

इथं जरा थांबू. त्या पोराकडे आपण परत येणार आहोत. पण त्या क्षणी सिस्टरना जे माहीत होतं आणि मला नव्हतं, ते कळायचं तर बाहुली चालते कशी हे आधी बघायला लागेल.

बाहुली ही वस्तू नाही, ते भोक आहे. बुबुळाच्या पडद्याला मधोमध असलेलं भोक. काळी दिसते कारण आत अंधार आहे. तिच्यात बघितलं की आपलंच चिमुकलं प्रतिबिंब दिसतं, म्हणून मराठीत बाहुली. लॅटिनमध्येही पुपिल्ला म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. संस्कृतात कनीनिका, तिथंही मुलगीच. तिन्ही भाषांच्या लोकांना डोळ्यात तेच दिसलं, मला हे फार आवडतं. असो.

हे भोक लहान-मोठं करणारे स्नायू दोन. एक गोल, भोकाभोवती, पिशवीच्या नाडीसारखा. तो आवळला की बाहुली लहान. दुसरा छत्रीच्या काड्यांसारखा बाहेरच्या बाजूला पसरलेला. तो ओढला की बाहुली मोठी. भर उन्हात ती दोनेक मिलिमीटरची होते, अंधारात सात-आठपर्यंत जाते. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापेक्षा हा जुगाड खूप जुना आहे.

आता वायरिंग. उजेड पडला की डोळ्याच्या पडद्यावरून दृष्टीची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, निरोप आत नेते. मेंदूच्या देठात, मध्यमेंदूत, तो निरोप पोचतो. तिथून हुकूम बाहेर निघतो, तिसऱ्या नसेतून, डोळ्यामागच्या एका छोट्या गाठीवाटे त्या गोल स्नायूपर्यंत. म्हणजे आत जाणारी एक तार, बाहेर येणारी दुसरी. आणि गंमत अशी की निरोप एका डोळ्यातून आला तरी हुकूम दोन्ही डोळ्यांना सुटतो.

हे आत्ता करून बघता येईल. टॉर्च नको, मोबाइलचा फ्लॅश तर नकोच, तो जवळून फार प्रखर असतो, लहान पोरांच्या डोळ्यात तर अजिबात मारू नका. दिवसा खिडकीसमोर उभे राहा. उजवा डोळा तळहातानं झाका. मित्राला सांगा, डावी बाहुली बघ. झाकल्यावर डावी जराशी मोठी होईल, हात काढला की लहान होईल. डाव्या डोळ्यावरचा उजेड बदललाच नाही, तरी ती हलली. आपल्याकडे बुबुळं गडद असतात, त्यामुळे नीट दिसत नाही, बाजूनं उजेड हवा. दिसलं की मात्र मजा वाटते.

आता यातली कुठली तार तुटली, त्यावर बाहुली काय करते ते ठरतं. सगळा खेळ इथं आहे.

आत जाणारी तार घ्या. 2017 चा फेब्रुवारी आठवतोय? जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. नगर तालुक्यातल्या पांगरमलमध्ये निवडणुकीच्या जेवणावळीत दारू वाटली गेली. ती विषारी निघाली, गावातली माणसं गेली. पोलिस तपासात समोर आलं की बनावट दारूचा उद्योग नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमधून चालत होता. हे वाक्य मी आजही बोलताना अडखळते. त्याच्या दोन वर्षं आधी, जून 2015 मध्ये, मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली होती, तिथं दारूत मिथेनॉल होतं.

मिथेनॉल नेमकं काय करतं? प्यायल्यावर लगेच काहीच नाही. साध्या दारूसारखीच नशा. मग यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिड करायला लागतं. मुंग्या चावल्यावर जे झोंबतं तेच ॲसिड. ते पेशींचं इंधन जाळण्याचं कामच बंद पाडतं, आणि ज्या पेशींना इंधन सगळ्यात जास्त लागतं त्या आधी मरतात. दृष्टीची नस त्यांतली एक. बारा तास, कधी चोवीस तास जातात आणि माणूस म्हणतो, समोर पांढरं धुकं आलंय, बर्फ पडल्यासारखं दिसतंय. टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या, हलतात त्या मंद, नाहीतर हलतच नाहीत.

इथं बाहुलीच्या स्नायूला काही झालेलं नाही. बाहेर येणारी तार अनेकदा शाबूत असते. उजेड पडलाय ही बातमीच आत पोचत नाहीये. म्हणून अशा डोळ्यांत उजेडाला न हलणारी बाहुली जवळच्या वस्तूकडे बघायचा प्रयत्न केला की कधी कधी बारीक होते. त्या कामाचा हुकूम दुसऱ्या वाटेनं येतो.

गावात दारूनंतर दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं की दिसायला अंधुक झालंय, तर 'उतरली नाही अजून' म्हणून झोपवू नका. त्याला त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, जिथं डायलिसिस होतं. लवकर पोचला तर विष अडवणारं औषध आहे, रक्त धुता येतं. आणि त्याच्यासोबत प्यायलेले जे बाकीचे 'ठीक' आहेत, त्यांनाही न्यायचं. त्यांचा तास अजून यायचा असतो.

एकाच डोळ्याची नस दुखावली असेल तर? क्रिकेटचा बॉल लागला, गाडीवरून पडून भुवईवर मार बसला, असं होतं. अशा वेळी दोन्ही बाहुल्या सारख्याच दिसतात, कारण हुकूम दोघींना एकच. नुसतं बघून काहीच कळत नाही. मग डॉक्टर टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर झुलवतात. चांगल्या डोळ्यावर उजेड, दोन्ही बाहुल्या लहान. टॉर्च दुखऱ्या डोळ्यावर आला की ती बाहुली उजेडात असून मोठी होत जाते! कारण अंधुक नस सांगते, उजेड कमी झाला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माझाच टॉर्च बिघडलाय. याला मार्कस गन बाहुली म्हणतात, स्कॉटिश डॉक्टरचं नाव आहे, बंदुकीशी संबंध नाही. परीक्षेत आमच्या बॅचमधल्या एकानं बंदुकीची गोळी लागल्यावर होणारा आजार असं लिहिलं होतं.

आता बाहेर येणारी तार, तिसरी नस. ही नस डोळा फिरवते, पापणी उचलते आणि बाहुली आवळते. हिच्या आतली मांडणी बघा. बाहुलीचे बारीक धागे नसेच्या पृष्ठभागावरून जातात, केबलच्या अगदी बाहेरच्या थरातून, आणि बाकीचे आतून. म्हणून बाहेरून कुणी दाबलं तर आधी बाहुली जाते. मधुमेहात उलटं. तिथं आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा तुटतो, पापणी पडते, डोळा फिरत नाही, पण बाहुली बहुतेकदा चांगली राहते. एवढ्या एका फरकावरून डॉक्टर ठरवतात की घाई किती करायची. पापणी पडलीय, एक दिसायचं दोन दिसतंय, त्यात त्या बाजूची बाहुली मोठी आणि डोकं ठणकतंय, तर मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा आला असेल आणि तो नसेला दाबत असेल. तो फुटायच्या आत पोचायला हवं. अशा माणसाला उद्या या म्हणायचं नसतं.

आणि अपघात. नगर-मनमाड रोडनं जे रोज जातात त्यांना मी काय सांगू. हेल्मेट नाही, डोकं आपटलं, पोरगा उठून बसला, पाणी प्यायला, 'काही नाही झालं' म्हणाला, आणि तासाभरात गुंगायला लागला. आत रक्त साठतंय, मेंदू एका बाजूला ढकलला जातोय आणि तो तिसऱ्या नसेवर रेलतोय. एक बाहुली मोठी होते, साधारण मार लागलेल्या बाजूचीच. ती दिसली म्हणजे हातात तास नसतात, मिनिटं असतात. पण बाहुली मोठी होईपर्यंत वाट बघत बसायचं नाही बरं का. ती उशिराची खूण आहे. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी यांतलं काहीही दिसलं की निघायचं.

मोठ्या बाहुलीचंच बोलत बसले, लहान राहिली. छत्रीच्या काड्यांचा जो स्नायू, त्याची तार विचित्र लांबची वाट घेते. मेंदूतून निघून मानेतून खाली, पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत, मग बाहेर पडून फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळसा घालून, मानेतल्या मोठ्या रोहिणीला धरून परत वर डोळ्यात. नगरहून पुण्याला जायला नाशिकमार्गे जावं तसं. त्यामुळे डोळ्यात काही न होता, फुप्फुसाच्या टोकाला गाठ झाली तरी त्या बाजूची बाहुली बारीक राहते आणि पापणी जराशी खाली येते. अंधारात फरक जास्त दिसतो, कारण चांगली बाहुली मोठी होते आणि ही होत नाही. योहान हॉर्नर या स्विस डॉक्टरनं 1869 मध्ये हे लिहून ठेवलं. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्या आजोबांचा खांदा दुखतोय, हातात कळ जातेय आणि एक डोळा बारीक दिसतोय, असं असेल तर नुसतं बाम लावून भागत नाही, छातीचा फोटो काढायचा.

आता घाबरून आरशासमोर उभे राहू नका. दर पाच माणसांत साधारण एकाच्या दोन बाहुल्यांत बारीकसा फरक जन्मापासून असतो, आणि काही बिघडत नाही. यासाठी तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्या आधीच्या पिढीच्या डॉक्टरांकडे नव्हती. फोनची गॅलरी. फरक दिसला तर तीन-चार वर्षांपूर्वीचे सेल्फी काढा आणि झूम करा. तेव्हाही तसाच होता? मग निवांत. आत्ताच आलाय? मग दाखवा. डॉक्टरसुद्धा हेच विचारतात, जुना फोटो आहे का.

अजून एक, कारण आपला जिल्हा शेतीचा आहे. तार धड असते, पण निरोपात घोळ होतो. डाळिंबावर, कांद्यावर फवारणी करताना तोंड झाकलं नाही, काही औषधं अंगात गेली की नसेचा निरोप पुसलाच जात नाही. हुकूम चालूच. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला लाळ, घाम, छातीत घरघर. उलट धोतरा. बांधावरचा धोतरा उपटला आणि तोच हात डोळ्याला लागला तर त्यातला रस निरोप अडवतो, ती बाहुली मोठी होते, दिवस-दोन दिवस तशीच. माणूस ठणठणीत, फक्त उजेड सोसत नाही आणि जवळचं धूसर. महाशिवरात्रीला धोतऱ्याची फळं-फुलं वाहता ना, हात धुवा नंतर, एवढंच.

तर आता परत अकोल्याला, त्या कॉटपाशी.

मण्यारीचं विष मेंदूला हातच लावत नाही. ते नसेच्या अगदी टोकाला जातं, जिथं नस संपते आणि स्नायू सुरू होतो. तिथं नसेच्या टोकात निरोपाचं रसायन भरलेल्या बारीक पिशव्या असतात. विष त्या टोकाचीच नासधूस करतं. पिशव्या रिकाम्या, टोक मेलेलं. म्हणून पापणी पडते, गिळता येत नाही, हात-पाय जातात, शेवटी छातीचा पडदा थांबतो. बाहुली आवळणाऱ्या नसेची टोकंही त्याच रसायनावर चालतात, तीही कधी कधी सापडतात. मग बाहुली पसरते आणि उजेडाला हलत नाही.

म्हणजे मी टॉर्च मारला तेव्हा निरोप आत जात होता. मेंदूला तो पोचत होता. मेंदू हुकूमही सोडत होता. फक्त शेवटच्या इंचावर तो घेणारं कुणी शिल्लक नव्हतं. आणि मी त्या शेवटच्या इंचावरून मेंदू मेला असा निकाल दिला. सर्पदंशाच्या उपचारांचं मार्गदर्शन वाचलंत तर त्यात याबद्दल स्पष्ट सावध केलेलं असतं, की मण्यार-नागाच्या रुग्णात बाहुल्या पसरलेल्या आणि स्थिर असल्या म्हणून मेंदू गेला असं समजू नका. मी ते वाचलं होतं. वाचणं आणि पहाटे सात वाजता आठवणं यात फरक असतो.

सिस्टरनी मार्गदर्शन वाचलं होतं की नाही मला माहीत नाही. त्यांनी आधी दोन असे पाहिले होते. त्या मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, नाडी बघा की. नाडी चांगली, बीपी चांगलं, हवा एक मिनिट थांबली नाय. मग मेंदू कशानं जाईल?" हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. मग त्या वाकल्या, त्याच्या कानाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पोरा, ऐकू येत असंल तर पायाचा अंगठा हलव."

आम्ही सगळे पायाकडे बघत होतो. अंगठा हलला. मुंगी चावल्यावर हलेल तेवढा.

मी त्याच्या वडिलांकडे गेले आणि म्हणाले, "बाबा, मी चुकले. तो ऐकतोय." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते उठून कॉटच्या डोक्याशी गेले आणि पुतण्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

संगमनेरपर्यंत पिशवी दाबतच नेलं. तिथं व्हेंटिलेटर मिळाला. मण्यारीत हेच औषध आहे असं म्हटलं तरी चालेल. लस रक्तात फिरणारं विष पकडते, पण मेलेली टोकं ती परत आणू शकत नाही. ती शरीरानं नव्यानं उगवायची, त्याला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा. म्हणूनच भगताकडे गेलेला एक तास इतका महाग पडतो. रस्त्यात श्वास थांबला आणि पिशवी दाबायला कुणी नसलं तर मग खरोखरच मेंदू जातो. आणि मग टॉर्च मारल्यावर बाहुली हलत नाही, तिचा अर्थ तोच असतो जो सिनेमात असतो.

आपल्या शेजारीच, नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचं काम करताहेत, गावोगावी जाऊन सांगताहेत. त्यांचं आणि अशा बाकीच्यांचं सांगणं अगदी साधं आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, खाट वापरा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. चावलं तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, हात-पाय न हलवता लस असलेल्या दवाखान्यात जा. आणि मी माझं एक जोडते: पहाटे पोटदुखी, पापण्या जड आणि रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, हे तीन एकत्र आले तर दंशाची खूण शोधत बसू नका. निघा.

तो पोरगा? चौथ्या दिवशी पापणी उचलायला लागला. नंतर नळी निघाली. महिन्याभरानं दवाखान्यात आला, सिस्टरसाठी तांदळाची पिशवी घेऊन. माझ्यासाठी काही नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. डोळ्यावर काळा गॉगल. मी म्हटलं, काय हिरो. तर म्हणाला, उजेड अजून टोचतो.

मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाबांना जे बोललात ना, ते मला ऐकू आलं व्हतं. लई ओरडत व्हतो मी आतून."

मला काही सुचेना. मी त्याला बसवलं, गॉगल काढायला सांगितलं आणि टॉर्च घेतला. उजवी बाहुली आकसली, सावकाश, तालुक्याच्या एसटीसारखी. डावी त्याहून सावकाश. पण दोन्ही हलल्या. सिस्टर मागं उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अजून आठ दिवस लागतील हिला."

त्यांचा अंदाज चुकला. पंधरा लागले.